चार दिवसांच्या नोटा

आमच्या शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक साहेबांकडं, एक माझ्याकडं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा बँकेचा जुना नियम. ३१ मे २०१७ ला संध्याकाळी मी माझी किल्ली नव्या रोखपालाच्या हातात दिली आणि चार्जच्या यादीवर सही केली. यादीतली शेवटची नोंद अशी होती : पत्र्याची ट्रंक एक, सीलबंद, आत जुन्या नोटा नग २१,५००, दर्शनी किंमत रुपये १ कोटी २५ लाख.

पोरगा नवा, तिशीच्या आतला. त्यानं यादी वाचली आणि विचारलं, "काका, ह्याचं करायचं काय?"

"राखायच्या."

"कुठपर्यंत?"

ह्याचं उत्तर त्या दिवशी साहेबांकडं नव्हतं, मुख्य कार्यालयाकडं नव्हतं, आणि पेपर वाचून बघितलं तर दिल्लीचंही काही कळत नव्हतं. छत्तीस वर्षं नोटा मोजल्या आणि जाताना जी रोकड दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तिच्यातल्या सव्वा कोटीला एक कप चहा आला नसता.

मी १९८१ साली जिल्हा बँकेत कारकून म्हणून लागलो. आमचा भाग माणदेशाच्या कडेचा. पाऊस पडला तर पडला. शाखेत माणसं पाच : साहेब, मी, दोन क्लार्क आणि शिपाई. आमच्याखाली आठ गावांच्या विकास सोसायट्या. मुंबईला राज्य सहकारी बँक, तिची सुरुवात १९११ सालातली, वैकुंठभाई मेहतांनी जिथं उमेदीची वर्षं घातली ती. तिच्याखाली जिल्ह्याची बँक, बँकेखाली गावची सोसायटी, सोसायटीखाली शेतकरी. वरून पैसा पाटाच्या पाण्यासारखा खाली यायचा आणि सुगीनंतर खालून वर जायचा. माझे वडील सोसायटीचे गटसचिव होते, म्हणून हे गणित मला शाळेआधी कळलं.

नोट रद्द होते म्हणजे काय होतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं १९७८ च्या जानेवारीत. मी तेव्हा कॉलेजात. १६ तारखेला सकाळी आकाशवाणीवर बातमी आली : हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा बंद. मोरारजीभाईंचं सरकार होतं. दुसऱ्या दिवशी बँका बंद ठेवल्या आणि बदलून घ्यायला जेमतेम तीन दिवस दिले. आमच्या पारावर त्या दिवशी दिवसभर हसू चाललं होतं. हजाराची नोट कुणी बघितली होती? एक म्हातारा म्हणाला, "आरं, माझी धाची नोट मोडायला म्हैना लागतोय. दहा हजाराची आसंल तर मोडायला शंकराला खाली यावं लागंल." वडिलांनी सोसायटीची पेटी उघडून दाखवली. सगळ्यात मोठी नोट शंभराची. विषय संपला.

त्याच्या आधीचा प्रसंग १९४६ चा. १२ जानेवारीला वटहुकूम निघाला आणि पाचशे, हजार, दहा हजारांच्या नोटा गेल्या. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपले रायगडकडचे चिंतामणराव देशमुख होते. युद्धात काळा पैसा केलेल्यांना पकडायचं, असा बेत. पण १९४७ च्या अखेरीला हिशेब लागला तेव्हा सुमारे १४४ कोटींपैकी १३५ कोटींच्या नोटा परत आलेल्या होत्या. बुडाल्या फक्त नऊ कोटींच्या. आमच्या आजोबांना त्या वर्षाचा दुष्काळ आणि रेशनची ज्वारी आठवायची, ह्या नोटांचं त्यांच्या कानावरसुद्धा आलं नव्हतं.

ह्या दोन्ही वेळा एक गोष्ट सारखी होती. रद्द झालेली नोट श्रीमंताच्या कपाटातली होती, बाजारातली नव्हती. मूठभर माणसं, मूठभर बँका आणि मूठभर कागद. गावच्या बँकेच्या कामाला धक्का लागायचं कारणच नव्हतं.

पुढं दिवस बदलले. १९८७ ला पाचशेची नोट पुन्हा आली, २००० साली हजाराची आली. पहिल्या पाचशेच्या नोटा शाखेत आल्या तेव्हा आम्ही त्या उजेडाला धरून बघत बसलो होतो. दहा वर्षांत त्या बैलबाजारात चालायला लागल्या, वीस वर्षांत मजुराच्या हातात आल्या. महागाई आपल्या पद्धतीनं काम करते. २०१६ पर्यंत देशात फिरणाऱ्या रोकडीतली किमतीनं ८६ टक्के रक्कम ह्या दोन नोटांत होती. आता हा कागद कपाटातला राहिला नव्हता. तो आमच्या तालुक्याचं रक्त झाला होता.

मधे एक प्रकार झाला, तो फार जणांच्या लक्षातही नाही. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की २००५ च्या आधी छापलेल्या नोटा हळूहळू काढून घ्यायच्या. ओळखायची खूण सोपी. नोटेच्या मागच्या बाजूला खाली छापल्याचं साल नसलं की ती जुनी. मुदत एकदा वाढली, दोनदा वाढली, २०१६ च्या जूनपर्यंत आली. आम्ही काय करत होतो? रोज आलेल्या रोकडीतून अशा नोटा बाजूला काढायच्या, गड्डी झाली की वर पाठवायची. ज्यानं भरल्या त्याला कळायचंही नाही. काउंटरवर एक माणूस जास्त लागला नाही, एक रांग लागली नाही. नोटा काढून घ्यायच्या असतात तर त्या अशाही काढता येतात, एवढंच मला ह्यातून सांगायचं आहे.

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. दिवाळी होऊन आठवडा झालेला. बाजरी घरात आली होती, ज्वारीच्या पेरण्या उरकत होत्या, कार्तिकीची माणसं पंढरपूरकडं निघाली होती. रात्री आठला टीव्हीवर पंतप्रधान आले आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजार बंद असं म्हणाले. पहिला फोन साहेबांचा. "कॅश किती आहे हो आपल्याकडं?" पाठ होतं मला. मी सांगितलं. थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कामाची किती?" शंभर-पन्नासाच्या नोटा आणि चिल्लर धरून चाळीस हजारसुद्धा भरत नव्हते.

बुधवारी बँका बंद. गुरुवारी सकाळी आठला गेलो तर रांग पिंपळाला वळसा घालून शाळेपर्यंत. मी एक गोष्ट लपवणार नाही. माझ्या घरात बारा नोटा होत्या पाचशेच्या. त्या मी काउंटर उघडायच्या आधीच माझ्या खात्यात भरून टाकल्या. नोकराला तेवढं चालतं, असं तेव्हा वाटलं.

त्या चार दिवसांत जे कागद माझ्या हाताखालून गेले, त्यांचा वास मला आजही येतो. बाजरीच्या कणगीतल्या नोटा, डांबरगोळ्यांच्या नोटा, हळदीच्या डब्यातल्या पिवळ्या कडांच्या नोटा. एकीनं वाकळ उसवून आणल्या होत्या, टाक्यांची भोकं होती त्यांना. नवऱ्याला ठाऊक नसलेले पैसे तर किती बायांनी आणले! "भाऊ, पावती मालकाला दावू नगंस," म्हणायच्या. बायकांनी वीस-वीस वर्षं जपलेलं एका आठवड्यात उघडं पडलं. ह्या नुकसानीचा आकडा कुठल्या अहवालात नाही.

नोटा मोजायचं मशीन शाखेत एकच. शुक्रवारी दुपारी त्याच्या रबरी चाकात धूळ बसली आणि ते बंद पडलं. मग बोटं आणि पाण्याचा स्पंज. प्रत्येक फॉर्मवर नोटांचा तपशील, पन्नास हजारांवर पॅन, खातं थांबलेलं असलं तर आधारची झेरॉक्स. एरवी एका माणसाचा भरणा दोन मिनिटांत व्हायचा, आता पंधरा मिनिटं लागत होती. शनिवार-रविवारीही बँका चालू ठेवल्या होत्या. शिपाई चहा आणायचा, तो गार होऊन जायचा.

शनिवारी रात्री एक जीपवाला आला. नाव सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही. सोसायटीच्या सभासदांच्या खात्यांवर थोडे थोडे टाकू, असा त्याचा प्रस्ताव. साहेबांनी शांतपणे सांगितलं, ज्याच्या खात्यावर टाकायचे त्याला समोर आणा, त्याची सही आणा. तो जीप वळवून गेला. जिल्हा बँकांवर पुढाऱ्यांची छाया असते, तिथून काळ्याचं पांढरं होईल, हा जो संशय दिल्लीला आला तो अगदी हवेतला होता असं मी म्हणणार नाही. पण त्या जीपवाल्याची खाती आणखी चार बँकांत होती. त्याचं काय अडलं असेल असं मला वाटत नाही.

रविवारी, १३ तारखेला, संध्याकाळचे सात वाजले तरी साठेक माणसं बाहेर होती. पारावर दुपारपासून एक आक्का बसलेली. आमच्याच गावची, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, विधवा. दोन एकर जिराईत, दोन शेरडं. दिवाळीनंतरच्या बाजारात म्हैस विकली होती, नातीचं लग्न ठरायचं होतं. पिशवीत ४६ हजार, सगळ्या पाचशेच्या, ब्याण्णव नोटा. खातं फक्त आमच्याकडं.

मी बाहेर येऊन म्हणालो, "आक्का, कशाला ताटकळतीस? उद्या गुरुनानक जयंतीची सुट्टी हाय. मंगळवारी ये निवांत. गर्दी नसंल, मी सोता भरून घीन."

"न्हाय तर बसती की रं. मला कुठं जायाचंय?"

"आगं, ३० डिसेंबरपातूर मुदत हाय. घरी जा."

ती गेली. मला बरं वाटलं, म्हातारीला थंडीत बसायला लागलं नाही म्हणून.

सोमवारी सुट्टीच्या दिवशीच रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं : जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी ह्या नोटा बदलून द्यायच्या नाहीत आणि खात्यावर भरूनही घ्यायच्या नाहीत, ताबडतोब. मंगळवारी सकाळी मुख्य कार्यालयाचा मेल साहेबांनी माझ्यापुढं ठेवला. फळ्यावर सूचना मीच लिहिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. लिहून वळलो तर पायरीवर आक्का. पदरात भाकरी बांधून आलेली.

तिला वाचता येत नव्हतं. मला सांगावं लागलं.

ती रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "मंगळवारी ये म्हणला हुतास न्हवं?" आणि पिशवी पुढं केली. क्लार्कनं हळूच मला विचारलं, "रविवारच्या तारखेत घालू या का?" खरं सांगतो, मी विचार केला. वहीचा जमाना असता तर एक ओळ कोंबता आली असती, आणि मी ती कोंबली असती. पण रविवारी रात्रीच संगणकावर दिवस बंद झाला होता. आमच्या बँकेनं एवढा खर्च करून ती यंत्रणा आणली ती अशाच लबाड्या बंद व्हाव्यात म्हणून, आणि ती चोख चालत होती.

आक्का बुधवारी तालुक्याला गेली, एकोणीस किलोमीटर. मोठ्या बँकेपुढं दिवसभर उभी राहून परत आली. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी खिडकीपाशी पोचली, तर त्याच दिवसापासून बदलून द्यायची मर्यादा साडेचार हजारांवरून दोन हजारांवर आणलेली. चार नोटा घेतल्या आणि दोन हजाराची एक गुलाबी हातात दिली. नवं खातं काढायचं तर फॉर्म संपलेले. पुतण्या म्हणाला माझ्या खात्यावर भर. तिनं ऐकलं नाही, त्याला कारणं होती. शेवटी उरलेल्या अठ्ठ्याऐंशी नोटा एका व्यापाऱ्यानं घेतल्या, पाचशेला चारशेनं. ८,८०० रुपये गेले. हे मला तिनं सांगितलं नाही, व्यापाऱ्याच्या दिवाणजीनं सांगितलं.

आता बँकेचं काय झालं ते सांगतो, कारण त्यावर सभांमधून पुष्कळ बोललं गेलं आणि बोलणारे बहुतेक काउंटरच्या पलीकडचे होते.

चार दिवसांत आमच्या छोट्या शाखेत सव्वा कोटी जमा झाले. ते लोकांच्या खात्यांवर गेले, म्हणजे ठेवी वाढल्या. बँकेची कार्यक्षमता मोजायची एक पट्टी आहे : ठेवी आणि कर्जं यांची बेरीज भागिले सेवकसंख्या. त्या पट्टीनं आमची शाखा तालुक्यात वर गेली. मार्च अखेरच्या आढाव्यात साहेबांचं नाव घेऊन कौतुक झालं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. कारण त्या ठेवींच्या बदल्यात आमच्याकडं होता ट्रंकेतला कागद. रिझर्व्ह बँक तो घेत नव्हती. खातेदाराला मात्र बचत खात्याचं चार टक्के व्याज चालूच होतं. सव्वा कोटीवर वर्षाला पाच लाख, म्हणजे रोजचे तेराशे-चौदाशे रुपये आम्ही त्या ट्रंकेचं भाडं भरत होतो. राज्यातल्या एकतीस जिल्हा बँकांकडं मिळून अशा नोटा पावणेतीन हजार कोटींच्या आसपास होत्या. त्यांचं भाडं तुम्हीच काढा.

दुसरीकडं, खातेदाराला आठवड्याला २४ हजार काढता येतील असं जाहीर झालेलं. देणार कुठून? जिल्हा बँकेला स्वतःची नोटांची कोठी नसते. ज्या मोठ्या बँकेकडं रिझर्व्ह बँकेची कोठी आहे, तिच्यापुढं आमचा शिपाई आणि मी बॅग घेऊन उभं राहायचो. तिथला रोखपाल माझ्या ओळखीचा. तो तरी काय करणार? त्याच्याच दारात रांग. घाईत जादा दिलेल्या नोटांची भरपाई त्यानं स्वतःच्या पगारातून केली होती. कधी दोन लाख मिळायचे, कधी उद्या या. मग आम्ही माणशी दोन हजार द्यायचो, डिसेंबरात एकेक हजार. दुधाची बिलं दहा दिवसांनी आमच्याकडंच यायची, शिक्षकांचे पगार आमच्याकडंच. सगळे आकडे खात्यावर दिसायचे आणि हातात काही यायचं नाही. दोन हजाराची नोट घेऊन माणूस किराणाला गेला तर वाणी म्हणायचा, आधी पंधराशेचा माल घे. एटीएम तालुक्याला दोन. नव्या नोटांचा आकार वेगळा, म्हणून यंत्रातले खण बदलल्याशिवाय ती चालेनात. नाशिकरोडच्या छापखान्यात जादा पाळ्या लावून पाचशेच्या नोटा छापत होते म्हणे. आमच्या गावात त्या उजाडल्या तोवर ज्वारी गुडघ्याला आली होती.

मोठ्या बँकांचं दुखणं आमच्या उलट. त्यांच्याकडं पैसा साचला. २६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं हुकूम काढला की १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेली सगळी ठेव, शंभराला शंभर, आमच्याकडं बिनव्याजी ठेवा. हे पंधरा दिवस चाललं. व्याज द्यायचं ठेवीदाराला, मिळायचं शून्य. पुढं तो हुकूम मागं घेतला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी स्टेट बँकेनं कर्जाचा दर एकदम ०.९० टक्क्यानं खाली आणला. कर्ज स्वस्त झालं ही खरी गोष्ट, आणि तेवढं श्रेय द्यायला हवं. पण घेणारा कुठं होता? बाजार बसला होता. त्या वर्षी देशात बँकांच्या कर्जाची वाढ कित्येक वर्षांत नव्हती एवढी मंदावली. एका बँकेत पैसा आहे पण घ्यायला माणूस नाही, दुसऱ्या बँकेत माणूस उभा आहे पण द्यायला पैसा नाही. मधे एकोणीस किलोमीटरचा रस्ता.

आमचं खरं काम काय होतं? हंगामाला पीककर्ज वाटायचं आणि मार्चला वसूल करायचं. त्यात एक 'नवं-जुनं' नावाचा प्रकार असतो. शेतकरी मार्चमध्ये कुठून तरी आठ दिवसांसाठी पैसे उभे करून जुनं कर्ज भरतो, बँक लगेच नवं देते, तो उसने परत करतो. बाहेरच्याला हा खेळ वाटेल, पण ह्या खेळावर शेतकऱ्याची पत टिकते आणि व्याजाची सवलत मिळते. त्याला लागतो हातातला पैसा आणि एक भरवसा, की भरलं तर चार दिवसांत परत मिळेल. त्या मार्चला दोन्ही नव्हतं. कर्ज भरायला जुनी नोट आम्ही घेऊ शकत नव्हतो आणि नवी कुणाकडं नव्हती. माझ्या माहितीतली, कधी थकलेली नव्हती अशी माणसं त्या वर्षी थकबाकीदार झाली. नोव्हेंबरात नाबार्डमार्फत रब्बीसाठी २१ हजार कोटींची मर्यादा जाहीर झाली, पण मर्यादा म्हणजे आकडा. आमच्या खिडकीतून द्यायला नोटा लागत होत्या.

आणि मधल्या काळात आम्ही काय केलं, तर ट्रंक मोजली. तपासणीला माणसं आली, त्या चार दिवसांत कुणी किती भरलं, त्यांचे आधार, त्यांचे फॉर्म. एकदा झाली, पुन्हा झाली. प्रत्येक वेळी सील फोडायचं, साडेएकवीस हजार नोटा मोजायच्या, पुन्हा लाख लावायची. पाच माणसांची शाखा, त्यातली दोन दिवसदिवस हेच करायची. एवढं मात्र कबूल करतो की ह्या निमित्तानं आमची कागदपत्रं सुधारली. मेलेल्या माणसांची खाती बंद झाली, वारस लागले, वर्षानुवर्षं पडून असलेले फॉर्म पुरे झाले. एरवी आम्ही ते केलं नसतं. दूधवाल्यांनी कार्ड वापरायला शिकून घेतलं, हेही खरं.

शेवटी हाती काय आलं? ८ नोव्हेंबरला बाहेर असलेल्या ह्या नोटा होत्या सुमारे १५ लाख ४१ हजार कोटींच्या. रिझर्व्ह बँकेची मोजणी २०१८ च्या ऑगस्टपर्यंत चालली, आणि परत आल्या १५ लाख ३१ हजार कोटींच्या. नोटा छापायचा खर्च आदल्या वर्षी ३,४२१ कोटी होता, त्या वर्षी ७,९६५ कोटी. चिंतामणराव देशमुखांच्या वेळी शंभरातले सहा परत आले नव्हते. ह्या वेळी शंभरातला एकही पुरता अडकला नाही.

माझ्या निवृत्तीनंतर वीस दिवसांनी, २० जून २०१७ ला, केंद्राची अधिसूचना निघाली. १० ते १४ नोव्हेंबरला घेतलेल्या नोटा जिल्हा बँकांनी तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेत भराव्यात. पुणतांब्याहून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप तेव्हा नुकताच होऊन गेला होता. सरकारनं खरिपासाठी तातडीचे दहा हजार द्यायला सांगितले होते आणि जिल्हा बँका म्हणत होत्या, पेटीत नाहीत. काही बँकांकडं ८ नोव्हेंबरच्या रात्री शिल्लक असलेली रोकड मात्र ह्या अधिसूचनेत बसली नाही. तो ११२ कोटींचा वाद कोर्टात गेला. आमची ट्रंक बसली. जुलैत त्या पोराचा फोन आला, "काका, ट्रंक गेली. गाडीत चढवताना कडी तुटली, पण गेली."

आक्काच्या नातीचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. मी आहेर दिला, तिनं घेतला. ८,८०० रुपयांचं मी काही बोललो नाही. दोनदा पाकीट भरून घरापर्यंत गेलो होतो. ती शेण काढत होती, बस म्हणाली, चहा केला. पाकीट परत घेऊन आलो. ती ते घेणार नाही हे मला पायरी चढतानाच कळलं होतं, असं मी स्वतःला सांगतो.

मग आलं २०२३. १९ मे, शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की दोन हजाराच्या नोटा काढून घेणार. ह्या वेळी रात्री आठचं भाषण नाही, नोट कायद्यानं चालू, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. बाहेर होत्या ३ लाख ५६ हजार कोटींच्या. खात्यावर कधीही भरा, बदलून मंगळवारपासून मिळतील. आमच्या गावात कुणी हातातलं काम सोडलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला दार वाजलं. आक्का. पंच्याहत्तरीकडं झुकलेली, काठी आली होती हातात. दोन गुलाबी नोटा, चार घड्या घातलेल्या. नातजावयानं दिवाळीला दिल्या होत्या म्हणे.

मी म्हणालो, "आक्का, बस. आता घाई न्हाय. चार म्हैने हायेत. टीव्हीवर सांगत्यात, मंगळवारपासनं बदलून..."

"मंगळवारचं नाव काढू नगंस," ती म्हणाली. "आज बँक हाय का न्हाय?"

शनिवार तिसरा होता. बँक होती. मी अंघोळ उरकली, स्कूटर काढली, तिला मागं बसवली. दहाला उघडणाऱ्या बँकेपुढं आम्ही साडेसातला जाऊन बसलो. पायरी अजून गार होती. आमच्याशिवाय कुणीच आलं नव्हतं.